वळणावरची हाक

जनावरं आपापल्या गाड्या आपणच हाकत, त्या काळची गोष्ट. माळावरच्या सशाला घाटातली सशीण दिली होती. तिच्या भावाच्या घरी बारसं होतं आणि आत्यानं कानात नाव सांगितल्याशिवाय बारसं कसलं! उन्हं उतरायच्या आत पोचायलाच हवं होतं.

ससा आपला रस्त्याच्या मधोमध सुसाट.

"अहो, हा तुमचा माळ नाही. आमच्याकडे वळणावर थांबून हाक देतात."

"आमच्याकडे हाक दिली की भांडण होतं."

वळण आलं तशी सशीणच ओरडली, "कोण आहे पलीकडे?"

"मी साळिंदर! लाकडांची गाडी आहे गं!"

सशानं कचकन गाडी थांबवली आणि ओशाळून मिशा पुसल्या.

"काका, आधी तुम्ही या," सशीण म्हणाली.

"छे, माहेरवाशीण आधी."

"नको, तुमचं ओझं जड."

"असू दे गं, तूच ये."

उन्हं कलली तरी कुणी हलेना. शेवटी "दोघांच्या पाया पडतो," म्हणत सशानं गाडी मधोमध घातली आणि साळिंदर हसत कडेला झालं.

पुढच्या वळणावर सशिणीनं हाक दिली. पलीकडून "आधी तुम्ही" आलं, तसं तिनं हळूच सशाला कोपरानं ढोसलं.