कापराच्या वासाचं कोकरू

"जन्म देणारी आईच नको म्हणते, तिथे मी काय करू, आबा?"

धुळाप्पा धनगर शेकोटीपुढे हात शेकत बसले होते.

विचारणारे होते विद्याधर महाराज. मठात सात वर्षं काढलेले. वात्सल्यावर बोलायला उभे राहिले की समोरच्या बायाबापड्या पदर डोळ्यांना लावत. मठाच्या गादीवर तेच बसणार हे सगळ्यांनी धरलेलं होतं, त्यांनी तर फारच. पण त्यांच्या गुरूंनी एक अट घातली. धुळाप्पाच्या कळपात जाऊन राहा, नुकतं जन्मलेलं एक कोकरू जगवून दाखव, आणि तो हो म्हणाला तरच परत ये.

महाराजांना तेव्हा हसू आलं होतं. वात्सल्य शिकायला मेंढरांत जायचं!

आले. साधू माणूस म्हणून वाड्यावर, धनगरांच्या तळावर, मान मिळाला. रोज टोपलीतली पहिली भाकर धुळाप्पा स्वतः त्यांच्या हातावर ठेवत.

त्या दिवशी पौषातली सकाळ होती. मावळातल्या भात काढलेल्या शेतात जाळीचं कुंपण लावून मेंढरं बसवलेली. दव असं की घोंगडं पिळून घ्यावं. दिवस उगवताना एक तांबडी मेंढी व्याली. पहिलारू होती, पहिलंच वेत.

"महाराज, हिच्याकडं बघा," म्हणून धुळाप्पा दुसऱ्या अडलेल्या मेंढीकडे गेले.

महाराजांनी जीव ओतून बघितलं. चिकट, लिबलिबीत कोकरू उचललं, कोमट पाण्यानं स्वच्छ न्हाऊ घातलं आणि आपल्या भगव्या उपरण्यात गुंडाळलं. ते उपरणं कापराच्या डबीशेजारी ठेवलेलं असे. मग मोठ्या कौतुकानं ते गाठोडं मेंढीपुढे धरलं.

मेंढीनं हुंगलं. मागे सरली. आणि डोक्यानं ढकलून दिलं.

महाराजांनी तिचे पाय धरून पाजायला बघितलं, लाथा खाल्ल्या. दूध बोटानं चाटवलं, ते कोकराच्या ओठांवरून ओघळून गेलं.

अडलेली मेंढी मोकळी करून शेकोटीशी बसलेले धुळाप्पा आता उठले. त्यांनी कोकराच्या तोंडात बोट घातलं.

"तोंड गार पडाय लागलंय."

"म्हणजे?"

"दुपार न्हाई बघायचं."

महाराजांचा चेहरा उतरला. गादी गेली, हे त्यांच्या मनात आधी आलं. कोकरू नंतर. त्याची त्यांना लाजही वाटली, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

"आई कसली ही? दगड आहे दगड!"

"उपरणं काढा."

"थंडीनं मरेल हो ते."

"काढा."

काढलं. मेंढी जिथं व्याली होती तिथला ओला पेंढा धुळाप्पांनी उचलला आणि कोकराच्या अंगाला खसाखसा चोळला. धुतलेलं सगळं, आईचा वाससुद्धा, परत लागलं. मग कोकरू मेंढीपुढे ठेवून त्यांनी शीळ घातली.

राखणीचा कुत्रा, भुऱ्या, कुंपणावरून उडी टाकून आत आला. महाराजांनी झडप घालून कोकरू दोन्ही हातांनी झाकलं.

"आबा, फाडील तो!"

"कोकरू कुणाचं?"

महाराजांनी कोकरू आणखी घट्ट झाकलं.

"कुणाचं, महाराज?"

"तिचं."

"मग हात काढा."

हात निघायला वेळ लागला. पण निघाले.

भुऱ्या हुंगत पुढे आला. महाराज उठायला गेले, तर धुळाप्पांनी काठी आडवी धरली.

मेंढीनं पुढचा पाय आपटला.

भुऱ्या आणखी एक पाऊल पुढे आला. कोकरू कसंबसं, अगदी बारीक, ओरडलं.

आणि ती पहिलारू, सकाळपासून भेदरलेली मेंढी, मान खाली घालून जी सुटली, ती थेट भुऱ्याच्या बरगडीत! भुऱ्या केकाटत बांधावर जाऊन आपटला. मेंढी तशीच वळली आणि कोकरावर पाय रोवून उभी राहिली. हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग चाटायला लागली. डोकं, कान, पाठ.

कोकरू उठलं, पडलं, परत उठलं. गुडघे टेकून आईच्या पोटाखाली शिरलं.

वाड्यावरच्या बाया-पोरं कुंपणाशी येऊन बघत होती.

"शेपूट!" महाराज ओरडले. "आबा, शेपूट हलतंय! दूध उतरलं!"

आणि मठाचा तो भावी गादीधारी त्या शेतात, शेणात, चक्क नाचला. उपरणं पायाखाली आलं तरी भान नाही. वाड्यावरच्या बाया तोंडावर पदर घेऊन हसत होत्या, पोरं त्यांच्याभोवती नाचत होती, आणि कोकरू कुणाकडेही न बघता लुचत होतं. असा आनंद सात वर्षांच्या प्रवचनांत महाराजांना झाला नव्हता.

दुपारी सगळे जेवायला बसले. कोकरू आईला टेकून झोपलं होतं. महाराज अजून हसतच होते.

"आबा, आता मी मठात जाऊ ना?"

धुळाप्पांनी टोपलीत हात घातला. महाराजांनी रोजच्या सवयीनं हात पुढे केला.

भाकर त्यांच्या हातावरून पुढे गेली आणि बांधावर बरगडी चाटत बसलेल्या कुत्र्यापुढे पडली.

"जावा की. पर आज पयली भाकर भुऱ्याची. धडक त्यानं खाल्लीया."