नववी काडी

नदी वाट विचारत वाहायची, तेव्हाची गोष्ट. पाणकोंबडीला चटई छान विणता येई, पण चटईवरून अंडी गडगडून पाण्यात पडत. आता एकच उरलं होतं. म्हणून तिनं नदीकाठच्या वाळुंज झाडाच्या आठ सरळ काड्या उभ्या करून टोपली विणायला घेतली. पण एका काडीच्या आतून, पुढचीच्या बाहेरून विणताना प्रत्येक फेरा आधीच्यासारखाच पडे आणि वीण घसरे.

"चटईच बरी गं तुला!" शेजारची कावळीण हसली.

पाणकोंबडीनं वाकडी म्हणून बाजूला टाकलेली काडी उचलली.

"ही? आमच्यात?" आठही सरळ काड्या फणकारल्या.

तरी तिनं ती खोचलीच. नऊ होताच, आधी जिथे आतून गेला तिथे पुढचा फेरा बाहेरून जाऊ लागला आणि प्रत्येक फेरा आधीच्याला आवळत गेला. वाऱ्यानं टोपली गदागदा हलवली. अंडं आतच राहिलं!

दुसऱ्या दिवशी कावळीण दारात हजर. चोचीतली काडी खाली ठेवून म्हणाली, "शिकव बाई मलाही. याहून वाकडी कुठे मिळाली नाही!"