जायफळाची परी आणि सुरंगीचा पाक

जिथे समुद्र ऐकू येतो पण दिसत नाही, अशा एका हिरव्यागार डोंगराच्या कुशीत सुरंगीचं चिमुकलं घर होतं. घर कसलं, दोन खोल्या, एक ओटी आणि वर माडाच्या झावळ्या! त्या घरात सुरंगी आणि तिची आई अशा दोघीच राहायच्या.

एकदा आईला मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना आईच्या जिभेची चव घेऊन गेला. तिला काही म्हणजे काही गोड लागेना. सुरंगी रोज सकाळी चूल पेटवायची, तांदळाचं पीठ कालवून जाळीदार, पांढरंशुभ्र घावन घालायची आणि आईपुढे ताटली धरायची.

"एक घास तरी खा गे, आये."

"नको गो बाय. माती खाल्ल्यासारखा लागता. तूच खा."

आई हळूच ताटली सरकवायची. दिवसेंदिवस ती वाळत चालली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. सुरंगीला फार भीती वाटायची. 

घरामागे मसाल्याची मोठी बाग होती. खाली पडलेली फळं गावच्या मुलांनी वेचावीत, असा तिथला रिवाज होता. एका सकाळी सुरंगी तिथे गेली. उन्हाची इवली इवली नाणी पानांतून खाली सांडत होती. जायफळाची पिवळीधमक फळं झाडावरच उकलली होती आणि आतून लालचुटूक जायपत्रीची जाळी डोकावत होती.

तेवढ्यात अगदी बारीक आवाज आला. "अगं, कुणी आहे का? सोडवा ना मला!"

सुरंगीने खालच्या फांदीकडे वाकून पाहिलं. एका उकललेल्या फळात करंगळीएवढी परी अडकली होती! तिचा झगा होता लालभडक जायपत्रीचा, पंख होते सोनेरी, आणि डोळे भीतीने मोठ्ठे झाले होते. झग्याची झालर सालीत घट्ट रुतली होती आणि देठावरून लाल मुंग्यांची रांग तिच्याकडे निघाली होती.

सुरंगीने मागचापुढचा विचार केला नाही. तिने फळ हातात धरलं. मुंग्या कडकडून चावल्या, तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण तिने फळ काही सोडलं नाही. हलक्या बोटांनी तिने झालर सोडवली आणि परीला पानावर बसवलं.

"तुला कुठे लागलं नाही ना?" तिने विचारलं.

"मुंग्या तुला चावल्या आणि विचारतेस मला?" परी खुदकन हसली. "वेडी गं वेडी! चल, एक मागणं माग."

सुरंगी घाईने म्हणाली, "माझ्या आईला..."

"थांब, थांब! माझ्याकडे मागणं बोलून मागायचं नसतं, रांधून मागायचं असतं. गुळाचा पाक कर. पाक शिजेपर्यंत डवलीने ढवळत राहा. डवली थांबेल तेव्हा तुझ्या मनात जे असेल, तेच तुझं मागणं. एकदा थांबली की पुन्हा नाही. आणि शेवटी हे किसून घाल." परीने तिच्या तळहातावर एक चमचमतं जायफळ ठेवलं आणि ती भुर्रकन उडाली.

सुरंगी धावतच घरी आली. तिने गूळ चिरला, पाण्यात विरघळवून गाळून घेतला आणि टोप मंद आचेवर ठेवला. दालचिनीचा तुकडा टाकला, दोन लवंगा टाकल्या, आलं ठेचून टाकलं. मग करवंटीची डवली हातात घेऊन ती ढवळू लागली. आईला चव येऊ दे. आईला चव येऊ दे.

आणि काय गंमत! पाक सोन्यासारखा उजळला. त्यातून केशरी बुडबुडे उठू लागले. पण मन म्हणजे काय, माकडच ते! मध्येच सुरंगीला जत्रेत पाहिलेलं निळं परकर-पोलकं आठवलं. लगेच पाकात निळे निळे बुडबुडे! सुरंगीने जीभ चावली आणि मनाला दरडावलं. बुडबुडे पुन्हा केशरी झाले.

आता पाकाला तार येऊ लागली. एका हाताने डवली फिरवत तिने दुसऱ्या हाताने ते जायफळ टोपावर टेकवलेल्या किसणीवर किसून घातलं आणि घरभर असा घमघमाट सुटला, की चुलीपाशी झोपलेलं मांजरसुद्धा उठून बसलं. आता थोडाच वेळ!

एवढ्यात ओटीवरून हाक आली. "घरात कोण असा काय गो?"

डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरणारी वच्छी कासारीण दारात उभी होती. डोंगर चढून तिला धाप लागली होती.

"कालपासून पोटात काय नाय, बाय. कायतरी वाढशीत?"

"वाढतंय, आजये! जरा थांब हां, पाक होवंदे!"

"थांबतंय गो," म्हातारी म्हणाली खरी, पण तिचे पाय लटपटले. खांबाला धरलेला हात सुटला आणि ती मटकन खाली बसली. तिचे डोळे मिटू लागले.

सुरंगीने एकदा पाकाकडे पाहिलं. एकदा म्हातारीकडे पाहिलं. आई! आई गं! मग ती भुकेली म्हातारीच मनात भरली आणि तिने डवली सोडली.

टोप उतरवून ती धावली. म्हातारीला पाणी पाजलं, तव्यावर घावन घातलं, वर पाकाची धार सोडली. पाकातला उजेड विझला होता. आता तो साधा तपकिरी पाक होता. मागणं गेलं! सुरंगीच्या गालांवरून टपटप आसवं ओघळली, पण तिने वाढायचं थांबवलं नाही. म्हातारी मिटक्या मारत खाऊ लागली.

"सुरंगे, कोण इला गो?" आतून आईचा थकलेला आवाज आला.

"कासारीण आजी इली हा. तिका वाढलंय."

"एकटीक? पावणो कधी एकटो जेवता काय आपल्या घरात?"

आणि आई उठली! भिंतीला धरून, पाऊल पाऊल टाकत ती ओटीवर आली आणि म्हातारीशेजारी बसली. पाहुण्याला सोबत म्हणून घरच्या माणसाने दोन घास तरी खायचे, ही त्या घरची रीत होती. भूक नसली म्हणून आई रीत मोडणारी नव्हती.

"माका तुकडोच वाढ. तिका सोबत म्हणान."

सुरंगीने तुकडा वाढला. आईने तो नाइलाजाने तोंडात घातला. चावता चावता ती थांबली. तिच्या भुवया वर गेल्या.

"सुरंगे... ह्यात जायफळ हा. आणि वायंच आल्याची चव. गो, ह्या गोड लागता!"

सुरंगी आनंदाने किंचाळायचीच बाकी होती! ती चुलीपाशी पळाली, तर खिडकीत परी पाय हलवत बसली होती.

"पण माझं मागणं तर चुकलं होतं!" सुरंगी कुजबुजली.

"डवली सोडलीस तेव्हा मनात काय होतं?"

सुरंगीने आठवून पाहिलं. "हा पाक... जो कुणी खाईल, त्याला गोड लागू दे."

"मग? खाणाऱ्यांत तुझी आई नाही का?" परीने तिच्या मुंग्या चावलेल्या बोटावर फुंकर घातली. "नुसतं आईसाठी मागितलं असतंस, तर एका टोपाबरोबर सगळं संपलं असतं. आता तू जेव्हा जेव्हा हा पाक करशील, तेव्हा तेव्हा आजारातून उठलेल्या माणसाची चव परत येईल. सांभाळशील ना?"

सुरंगीने मान डोलावली. परीने पंख झटकले. लाल, केशरी, सोनेरी उजेडाने सगळं स्वयंपाकघर भरून गेलं. चूल उजळली, टोप उजळले, मांजराच्या मिशासुद्धा उजळल्या. डोळे उघडले तेव्हा खिडकी रिकामी होती आणि बाहेर नुसतं कोवळं ऊन होतं.

ओटीवरून आईची हाक आली. किती दिवसांनी ती अशी खणखणीत हाक मारत होती!

"सुरंगे, आजून एक घावन घाल गो! आणि पाक वाढताना हात आखडू नको!"