खारी कशाकडे बघते

“कुत्री तयार आहे. मग आता उरलं काय, वस्ताद?” निशिकांतनं पुन्हा विचारलं.

हैबतराव वस्ताद बाभळीखाली बसून कुत्र्याच्या एका जुन्या पट्ट्याला टाका घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

डोंगराखालच्या त्या माळावर वस्ताद अंधांना वाट दाखवणारी कुत्री तयार करत. निशिकांत त्यांचा सगळ्यांत हुशार शिष्य, आणि हे त्याला वेगळं सांगावं लागत नसे. खारी ही त्यानं एकट्यानं घडवलेली पहिली कुत्री. रंग बिस्किटाचा, म्हणून नाव खारी.

आज तिला न्यायला कुमुदताई आल्या होत्या. शाळेत गाणं शिकवायच्या. काचबिंदूनं डोळे गेल्यापासून धाकटा भाऊ त्यांना शाळेत सोडायचा. आता त्याची बदली झाली होती. कुत्री मिळाली तर शाळा, नाहीतर घराच्या चार भिंती. बाकावर ताठ बसून त्या सगळं ऐकत होत्या.

“पायरी आली की थांबते. चर आला की थांबते,” निशिकांत म्हणाला. “रोज डोळ्यांवर पट्टी बांधून मी तिच्याबरोबर हा माळ फिरतो. कधी म्हणून चुकली नाही.”

“हं… बांध पट्टी.”

निशिकांतनं ऐटीत पट्टी बांधली, खारीच्या पाठीवरच्या पट्ट्याची मूठ धरली आणि चालू लागला. खारी पायरीशी थांबली. चराशी थांबली. परत येताना तर निशिकांत गालातल्या गालात हसत होता.

“ताई, काय ऐकलंत?” वस्तादांनी विचारलं.

कुमुदताई जरा चाचरल्या. “छानच चालते हो… फक्त आधी या दादांचा पाय थबकतो, मग तिचा. माझ्या कानाला वाटलं तसं.”

“भास असेल, ताई,” निशिकांत म्हणाला.

वस्ताद उठले. त्याच्याजवळ गेले. त्याचे खांदे धरले आणि त्याला गरागरा फिरवलं, पोरं आंधळी कोशिंबीर खेळताना फिरवतात तसं. डावीकडून, उजवीकडून, पुन्हा डावीकडून. मग हाताला धरून माळावर कुठे कुठे नेलं आणि मूठ परत त्याच्या हातात दिली.

“हं, जा.”

“कुठल्या बाजूला?”

वस्ताद बाजूला झाले.

निशिकांतनं खारीला “चल” म्हटलं. पावलं टाकली. समोर नुसतं रान मोकळं असावं असं त्याला वाटलं, म्हणून तो झपझप निघाला. खारीही झपझप निघाली…

पुढच्याच क्षणी पायाखालची जमीन गेली. रोजचाच चर. निशिकांत गुडघ्यावर आपटला, तोंडात माती गेली.

“खारी!” पट्टी ओरबाडून त्यानं हात उगारला. खारी कान पाडून जमिनीला चिकटली.

“हात खाली.” वस्तादांचा आवाज चढला नव्हता, तरी हात खाली आला.

“पण चुकली ती, वस्ताद!”

“कुठं चुकली? तू थांबलास की ती थांबते. आज तू थांबला नाहीस.”

निशिकांत खारीकडे बघत राहिला. ती चराकडे बघत नव्हती. अजूनही नाही. ती त्याच्या पायांकडे बघत होती.

रोज तोच माळ. पट्टी डोळ्यांवर, पण प्रत्येक चर, प्रत्येक पायरी डोक्यात पाठ. पाय आपोआप आखडायचा, आणि हे गुणी जनावर तेवढंच शिकत गेलं होतं. निशिकांतला फार लाज वाटली. गुडघा हुळहुळत होता, पण मन त्याहून जास्त. या ताईंचा पाय कशाला थबकला असता? त्यांना चर आहे हेच ठाऊक नसतं.

बाकावर कुमुदताईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली होती.

“म्हणजे… मी परत जायचं का?” त्यांनी विचारलं. आवाज नीट ठेवायचा प्रयत्न केला त्यांनी, पण शेवटी तो हललाच.

निशिकांत त्यांच्याजवळ गेला. ‘तयार आहे’ हा शब्द सकाळपासून त्यानं किती मिरवला होता.

“ताई, खारी तयार नाही. आज दिली असती तर या चरात तुम्ही पडला असता. चूक माझी आहे… तुम्हाला थांबता येईल का?”

कुमुदताईंनी पिशवी पुन्हा खाली ठेवली.

“भाऊ महिनाअखेरीस जाणार आहे,” त्या म्हणाल्या. “तोवर थांबते. घरी बसून तरी काय करू?”

निशिकांतनं वस्तादांकडे पाहिलं. ते पुन्हा बाभळीखाली जाऊन सुईत दोरा ओवत होते.

त्यानं मातीत पडलेली पट्टी उचलली, झटकली, आणि स्वतःच घट्ट बांधली.

“ताई, जरा उठता? मला फिरवा. चांगलं गरागरा.”

“मी?” कुमुदताईंना हसू आलं. चाचपडत त्यांनी त्याचे खांदे धरले आणि त्याला असं काही फिरवलं, की त्या स्वतःच धापा टाकू लागल्या. मग दोघंही एकमेकांना धरून, पायानं जमीन चाचपत माळावर भरकटले. कोण कुणाला नेतंय हे दोघांनाही कळेना. शेवटी ताई थांबल्या आणि त्यांनी हाक मारून खारीला बोलावलं.

निशिकांतच्या हातात मूठ आली. डोंगर कुठल्या अंगाला, बाभळ कुठे, चर कुठे… काही म्हणता काही उमगेना. त्याचा पाय उचलेना. अंधार एवढा मोठा असतो हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं.

खारीनं त्याच्या पायांकडे पाहिलं असावं. मूठ किंचित हलली. मग खारी पुढे वळली, आणि उभी राहिली.

“वस्ताद…” निशिकांतचा आवाज पार लहान झाला होता. “मला काहीच कळत नाहीये.”

बाभळीखालून दोरा तोडल्याचा आवाज आला.

“झकास,” वस्ताद म्हणाले. “आता तिला कळेल.”