एका उंचीचा मका

"…अन् मग मठीतल्या बाबानं ती कणसं ठेवली कशाला, मला सांग? पोत्यांनी आहेत म्हणे माळ्यावर. कौतिकची खोड मोडायलाच त्यानं…"

तेवढ्यात गिरणीचा पट्टा फिरायला लागला आणि पुढचं सगळं घरघरीत गेलं.

दारात कौतिकच उभा होता, दळणाचा डबा घेऊन. त्याला पाहिलं तशा बोलणाऱ्या दोघी बायकांनी माना वळवल्या. एकीनं उगाच ज्वारीतले खडे वेचायला घेतले.

डबा तिथंच ठेवून कौतिक डोंगराकडं निघाला. माणूस असा निघाला की समजावं, जायचं आधीच ठरलं होतं, नुसतं निमित्त हवं होतं.

डोंगराच्या पोटाशी दौलतपुरी गोसाव्यांची मठी. कौतिकनं त्यांच्याकडून मंत्र घेतलेला. मक्याचं खळं झालं की दरवर्षी त्यांच्यासाठी पाटी भरून न्यायचा. पाटीत काय असायचं, ते सगळ्या गावाला ठाऊक. बियाण्याची निवड करून उरलेलं. वाकडी कणसं, खुरटी कणसं, मधेच तांबडा नाहीतर काळा दाणा डोकावणारी. गोसाव्याच्या पोटात सगळं सारखंच, असं वर हसून म्हणायचा.

निवडीत मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. लांब, सरळ ओळींचं, पिवळंधमक तेवढंच कणीस बियाला ठेवायचा. पुढं पुढं तर त्यातलंही एकच. त्या एकाची लेकरं पेरायची, लेकरांतलं पुन्हा एकच उचलायचं. वावर असं दिसायचं, की ताटांच्या शेंड्यांवरून दोरी ओढून घ्यावी. लोक बघायला यायचे. मग बी मागायला लागले, आणि त्यानं ते मोकळ्या हातानं दिलं. तेवढं त्याचं खरं. घरोघरी आढ्याला टांगलेल्या जुन्या कणसांच्या माळा लोकांनी उतरवल्या आणि गुरांपुढं टाकल्या.

अलीकडं ताटं जरा बुटकी व्हायला लागली होती. कौतिक म्हणायचा, खत कमी पडतंय.

आणि यंदा… यंदा सगळ्या शिवारात एकदमच तुरे आले. नेमका तेव्हाच पावसानं ताण दिला, उन्हाची झळ सुटली. तुऱ्यांवरची, दाणा धरवणारी पिवळी भुकटी उडायच्या आधी करपली. कणसांचे केस मागाहून बाहेर आले, ओले, मऊ, आणि वाट बघत सुकले.

कणसं आली. आत दाणा नव्हता.

वर्षाची भाकर गेली, आणि पेरायला बी कुणाच्याच घरात उरलं नाही. कौतिकच्या उंबऱ्यावर रोज सकाळी कुणीतरी एक बिनदाण्याचं कणीस ठेवून जायचं. कोण, ते त्यानं कधी विचारलं नाही.

मठीत बाबा धुनीपाशी बसले होते. कौतिकनं पाया पडणं राहू दिलं, उभ्यानंच माळ्याकडं पाहिलं.

"पोती कुठं आहेत?"

"कसली?"

"लपवू नका बाबा. गावाला पेरायला दाणा नाही."

"बस."

तो बसला. बाबा धुनीतली राख चाळवत राहिले. शेवटी त्यालाच राहवलं नाही.

"माझं चुकलं कुठं? चांगलं ठेवलं, वाईट काढलं. मनातलंही असंच निवडून टाकावं, हे तुम्हीच शिकवलं ना?"

"शिकवलं."

"मग?"

बाबांनी धुनीतलं लाकूड आत सारलं.

"तुझ्या आज्याच्या वावरात तुरे कधी यायचे?"

"त्याचं काही धड नव्हतं. एका ताटाला आज, दुसऱ्याला आठवड्यानं. एक कमरेला, एक डोक्यावर. बघायला लाज वाटायची."

"तेव्हा झळ यायची?"

"यायची."

"मग काय व्हायचं?"

"काही ताटं जायची…"



"काही," बाबा म्हणाले.

धुनीतलं लाकूड तडतडलं. कौतिकनं मान खाली घातली. मग हळू आवाजात सांगायला लागला, की घरोघरी लेकरं आहेत, निवड काही त्यांनी केली नव्हती. त्याला काय बोलायचं ते बोलावं, हवं तर मठीतून हाकलावं, पण गावाला बी द्यावं. बोलता बोलता त्यानं पाय धरले. या खेपेला खरे धरले.

बाबा उठले. धुनीच्या वर, धुरात, एक टोपलं टांगलेलं होतं. ते काढून त्यांनी त्याच्यापुढं ठेवलं. धुरानं काळी पडलेली कणसं, निम्म्यांना किड्यानं भोकं पाडलेली.

"एवढीच?"

"एवढीच."

"गाव म्हणतं, पोत्यांनी राखलीत."

"तुझी कणसं मी खाल्ली, कौतिक. भिक्षा होती ती."

"पण ही तरी राखलीत ना… माझ्यासाठी?"

"राखली नाहीत. दात पडले, म्हणून उरली."

कौतिकनं टोपलं पुढं ओढलं. त्याचे डोळे भरून आले होते, पण हात कामाला लागले. एक कणीस उजवीकडं. एक डावीकडं. डावीकडं… डावीकडं… एक उजवीकडं. डावीकडच्या ढिगात वाकडी, खुरटी, तांबड्या दाण्यांची. आपण काय करतोय, हे त्याला कळलंही नाही.

बाबा बघत राहिले. मग वाकून त्यांनी उजवीकडची कणसं उचलली आणि धुनीत घातली.

कौतिकनं हात पुढं केला, मागं घेतला. नुसता आगीकडं बघत बसला.

"डोळे मीट," बाबा म्हणाले.

त्यानं मिटले.

"आता घे. येईल ते."

कौतिकनं चाचपडत एक कणीस उचललं. बोटं बुडापासून शेंड्यापर्यंत सरकली. ओळी मोजत पुन्हा बुडाशी आली. त्यानं ते कणीस खाली ठेवलं, आणि दुसरं उचललं.

बाबांनी त्याच्या हातातलं ते कणीस काढून घेतलं, जमिनीवरची गोळा केली, सगळी टोपल्यात टाकली आणि टोपलं आपल्या मांडीशी ओढलं.

"जा. गावातून दुसरं कुणीतरी पाठव. ज्याला निवडता येत नाही, असं."

कौतिक उठला. दारात पोचला तरी त्याची बोटं हलतच होती.

"असा कोण मिळणार, बाबा? सगळ्यांना मीच शिकवलंय…"

बाबांनी टोपल्यातलं एक कणीस हातात घेतलं, भोकावर फुंकर मारली. पांढरं पीठ उडालं.

"लवकर पाठव. किडा निवडत बसत नाही."