खोतांच्या अंगठ्यावरचा नारळ

नारळ पडला तो नेमका विसाजीपंत खोतांच्या पायाच्या अंगठ्यावर! त्याआधी त्याने त्यांच्या कुळाची, म्हणजे रवळूच्या छपराची कौलं फोडली होती; पण कुळाच्या कौलांचं कोणाला काय? अंगठा खोतांचा होता. दुपारपर्यंत त्याला हळदीचा लेप लागला आणि संध्याकाळी अख्खं गाव खोतांच्या अंगणात जमलं. फिर्याद खोतांची, निवाडाही खोतांचाच.

"माड कुणाच्या हवाली? रवळूच्या!" खोत गरजले. "मग भरपाई रवळूनेच द्यायची. त्याची गाय उद्या माझ्या गोठ्यात बांधा!"

रवळूच्या तोंडचं पाणी पळालं. घरात आईवेगळं तान्हं पोर, ते त्याच गाईच्या दुधावर जगत होतं. खोत भल्या पहाटे रवळूच्या दारात काय करत होते, हे विचारायची मात्र कुणाची छाती झाली नाही. ठाऊक सगळ्यांना होतं. गावची रीतच तशी: माडावरून पाडलेला नारळ कुळाचा, आपसूक पडलेला खोतांचा. त्यामुळे उजाडायच्या आत विसाजीपंत माडाखाली हजर!

रवळूची थोरली लेक शेवंती पदर खोचून पुढे झाली. जीव धाकट्या भावात अडकला होता, पण आवाज साळसूद.

"गाय घेवन जावा, खोतानू. पण तो नारळ मिया घरात नेऊन ठेवलंय. तो तेवढो आमका रवांदे."

"काऽय? माझा नारळ?"

"तुमचो कसो? तो जमिनीर खंय पडलो? आधी आमच्या कौलार पडलो, मगे तुमच्या पायार!"

"वा गं शहाणे!" खोत ताडकन उठले, अंगठ्याची शुद्धच राहिली नाही. "देठ सुटला की नारळ माझा! मग तो हवेत असो, कौलावर असो, नाहीतर माझ्या अंगठ्यावर असो! माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! ऐकलंत ना सगळ्यांनी?"

"आयकलां!" अंगण एका सुरात म्हणालं.

"मगे बरां झालां," शेवंती म्हणाली. "देठ सुटलो तेवाच नारळ तुमचो झालो. तुमच्याच नारळान तुमचो अंगठो फोडलो, त्येची भरपाय तुमीच तुमका देवा! पण तुमच्या नारळान आमची कौलां फोडली, ती कोण घालून देतलो?"

खोत पुन्हा खाली बसले. रेघ त्यांनीच ओढलेली. पुसावी, तर पडलेले नारळ हातचे जाणार! अखेर त्यांना असं हसू फुटलं की अंगठा पुन्हा ठणकायला लागला.

"गाय राहू दे तुमच्याकडे! कौलं उद्याच घालून देतो. आणि पोरी, आजपासून त्या माडाचा पडलेला नारळही तुमचा!"

शेवंतीने वाकून नमस्कार केला.

"देव बरां करो, खोतानू! पण मगे उद्यापासून त्या माडाखाली उभे रवू नकात!"