हत्तीने अडवलेला उतार

एका रुंद नदीच्या काठी मोठे जंगल होते आणि त्या जंगलात एका दांडग्या हत्तीचा शब्द चाले. नदीच्या मधोमध एक छोटे बेट होते. तिथे ससे, भेकरे आणि साळिंदरे राहत. बेटावर चारा बेताचाच. उन्हाळ्यात तिथले प्राणी गुडघाभर पाण्याच्या उतारावरून जंगलात येत आणि उंबरे खाऊन परत जात. जंगलात खारी माती नव्हती, ती बेटावर होती. ती चाटली नाही तर हत्तिणींचे दूध आटे, म्हणून जंगलातले प्राणी बेटावर जात. कुणाचे कुणावर उपकार नव्हते, मुलांनो. पण हत्तीला वाटे, हे बेट आपल्या जिवावरच जगते.

एका पावसाळ्यात पलीकडच्या तीरावरचा, हत्तीशी जुने वैर असलेला रानम्हशींचा कळप पुरात सापडला. दमलेल्या म्हशी बेटावर चढल्या. बेटकऱ्यांनी त्यांना दोन दिवस आसरा दिला आणि पूर ओसरताच त्या निघून गेल्या. कोल्ह्याने ही गोष्ट मीठमसाला लावून हत्तीच्या कानी घातली. हत्तीचे डोळे लाल झाले. "माझ्या वैऱ्याला माझ्याच नाकासमोर जागा? उन्हाळा येऊ दे, मग बघतो!"

उन्हाळा आला. हत्तीने उतारावर ओंडके रचले, कोल्ह्याला पहाऱ्याला बसवले आणि रागाच्या भरात जंगलातल्या प्राण्यांनाही बेटावर जायची बंदी केली. एक भेकरी पाडसाला घेऊन आली. "मला दूध उरलेले नाही. चार उंबरे खाऊ द्या, म्हणजे हे जगेल." कोल्हा म्हणाला, "आधी सगळ्या बेटाने नाक घासून माफी मागायची." भेकरी परतली. तिसऱ्या दिवशी पाडस गेले.

तेव्हा बेटावरचे म्हातारे साळिंदर काटे फुलवून उताराशी आले. संतापाने त्याचा आवाज चिरकत होता. "बुडत्याला जागा देणे हा गुन्हा असेल, तर तो आम्ही पुन्हा करू! पण त्या पाडसाने तुमचे काय वाकडे केले होते?"

"धाकट्याने थोरल्याच्या धाकात राहावे," हत्ती म्हणाला.

"धाकटे? थोरला भाऊ घरातले लेकरू उपाशी मारत नाही. आम्ही तुमचे कुणी लागत नाही!"

एवढे बोलून साळिंदर मागे फिरले आणि त्याने पलीकडच्या तीराला हाक दिली. रानरेडा आपला कळप घेऊन आला. म्हशींनी शिंगांवर हिरव्या वेली अडकवून आणल्या होत्या. बेट जगले. पण या खेपेला कळप परत गेला नाही. तो खाऱ्या मातीवरच ठाण मांडून बसला. सशांनी कुरकुर केली, तेव्हा रेडा गुरगुरला, "आमचा पाला खाताना गोड लागला ना? मग आता गप्प बसा."

इकडे जंगलात हत्तिणींचे दूध आटले. पिल्ले उभी राहिली की लटपटू लागली. अखेर एका हत्तिणीने धडका देऊन ओंडके उधळले आणि ती पिल्लाला घेऊन बेटाकडे निघाली. काठावर शिंगांची भिंत उभी होती. ती तशीच परतली आणि हत्तीवर कडाडली, "पुरात आलेल्या म्हशी दोन दिवसांत गेल्या होत्या. त्यांना तिथे कायमचे कुणी बसवले? तुमच्या रागाने!"

हत्ती उतारावर गेला. साळिंदराला पाहून म्हणाला, "हाकला त्यांना. आजपासून उतार खुला."

साळिंदराचे काटे पुन्हा उभे राहिले. "हाकलण्याची ताकद असती, तर आधी तुमचा पहारा नसता का हाकलला? तुम्ही आमचा घास अडवला, म्हणून आम्ही त्यांना बोलावले. आता तुमची पिल्ले भुकेली आणि आमच्या मानेवर नवा धनी. पाडस जिवंत असताना यायचे होते!"

साळिंदर पाठ फिरवून निघून गेले. हत्ती पाण्यात उभाच राहिला.

तात्पर्य : दुबळ्या शेजाऱ्याचा घास अडवून त्याला आपलेसे करता येत नाही, तो भुकेपोटी आपल्याच वैऱ्याला दार उघडतो, आणि मग ते दार ना त्याला लावता येते, ना आपल्याला.